धुऱ्यावरचा बेशरम

आमच्या घरात बेशरम हा शब्द दिवसातून कितीदा यायचा याला गणतीच नव्हती. तलावाच्या काठाने फोफावलेली, जांभळट फुलांची, कितीही तोडली तरी पुन्हा उगवणारी झुडपं बेशरम. बाच्या जाळ्यात रोज येणारा, फुकट दिला तरी कोणी घेणार नाही असा तो काळपट चपटा मासाही बेशरम, कारण तोही त्या झुडपांसारखाच कुठल्याही पाण्यात, कशाही घाणीत वाढायचा. आणि जेवणाआधीच चुलीजवळ जाऊन टोपलीतली बाटी मोडून खाणारी मी, तीही बेशरमच. याडीनं अंगणातून नुसतं "बेशरम!" असं ओरडलं, की ती झाडाला बोलते आहे, माशाला की मला, हे थांबून बघावं लागे. बहुतेक वेळा मलाच असायचं. मी जन्माची चटोरी. आजही आहे, आणि डॉक्टरांनी कितीही बंदी घातली तरी राहणार आहे.

याडी म्हणजे आई, बा म्हणजे वडील आणि बाटी म्हणजे भाकरी. हे आमच्या गोरबोलीतले शब्द. घरात आम्ही गोरबोलीच बोलायचो, बाजारात आणि शाळेत वऱ्हाडी. इथे मात्र मी घरातलं बोलणंही वऱ्हाडीतच लिहिते आहे. माझ्या नातवालाही आता गोरबोली धड येत नाही, तर वाचणाऱ्याला वाक्यावाक्याला अडखळायला लावून मला काय मिळणार? फक्त याडी आणि बा हे दोन शब्द तेवढे मी बदलणार नाही. आई म्हटलं की मला दुसऱ्याच कोणाची तरी आई आठवते.

जुना तांडा धरणात गेला तेव्हा आम्ही वरच्या माळावर येऊन बसलो. घर लहान होतं, पण आवाजाने भरलेलं. याडीच्या दंडापर्यंतच्या बांगड्या बाटी थापताना एका लयीत खुळखुळत, त्या खुळखुळण्यावरून तिचा राग आहे की लोभ हे मला झोपेतही कळायचं. अंगणात वाळत घातलेली अंबाडीची लाल फुलं, भिंतीला टांगलेलं जाळं, दाराशी कोंबड्या, आणि या सगळ्यावर माशाचा तो वास. बाहेरच्यांना तो नकोसा वाटे. मला मात्र तो वास आला की भूक लागायची, आता बोला.

बा मुळात मासे धरणारा नव्हता. त्याचं नाव थावरू, आणि तो हाडाचा शेतकरी. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर यांच्यापलीकडे त्याला जग माहीत नव्हतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं वावर, म्हणजे शेत, शेजारचं पुंडलिकबापूंचं वावर आणि दोघांच्या मधला धुरा, सगळं एकाच पाण्याखाली गेलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्या धुऱ्यावर एक मोठा मोह होता. झाड केव्हाच वाळून गेलं, पण त्याचा शेंडा पाण्याबाहेर राहिला, आणि तेवढ्यावरून बाला आपलं वावर सापडायचं. पाडलेल्या घराच्या दारांच्या फळ्या त्यानं ढाणकीच्या सुताराकडे नेल्या आणि एक नाव करून घेतली. महादू भोयानं त्याला जाळं टाकायला शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी बा नाव घेऊन थेट मोहाच्या शेंड्याशी जायचा आणि तिथेच जाळं टाकायचा. मासे दुसरीकडे जास्त आहेत असं महादूनं कितीदा सांगितलं, पण छे! घरून निघताना बा कधीच "तलावावर जातो" म्हणाला नाही. "वावरात जाऊन येतो," म्हणायचा. आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. 

पुंडलिकबापूंचं सांगायलाच हवं. ते कुणब्यांच्या गावातले, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. बाचं आणि त्यांचं त्या धुऱ्यावरून भांडण. थावरू दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, माझ्या वावरात घालतो असं बापूंचं म्हणणं, आणि घालतो तो बापूच असं बाचं. माझ्या लहानपणी नांगरटीच्या दिवसांत त्या दोघांचं भांडण ऐकायला लोक कामं सोडून बसत. एकमेकांचं सात पिढ्यांचं काढून झालं, की दोघं दोन बाजूंनी त्याच मोहाखाली बसून आपापली शिदोरी खात. मग धरण आलं. धुराच बुडाला, तर भांडायचं कशावर? बोलणं मात्र सुरू झालं नाही ते नाहीच. ढाणकीच्या बाजारात दोघं समोरासमोर आले, की एक आभाळाकडे बघे आणि दुसरा चपलेकडे.

तर ज्या सालचं मी हे सांगते आहे, त्या साली तलावात रोहू-कटला जवळजवळ दिसेनासा झाला. जाळ्यात सगळा बेशरम. बा आणि याडी टोपली भरून ढाणकीच्या बाजारात न्यायचे. मीही मागून. लोक टोपलीत डोकावायचे आणि नाक मुरडायचे.

"हा कायले आनला बाप्पा? चिखल खाते हा."

"काटेच काटे राह्यते यात. पोट्ट्याच्या घशात अडकला तं?"

संध्याकाळी तीच टोपली घेऊन आम्ही परत. एसटीचा वाहक आम्हाला सगळ्यात मागे बसवायचा आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावायचा. बा खिडकीबाहेर बघत बसायचा. मला इतका राग यायचा की वाहकाच्या टोपीत एक बेशरम टाकावा असं वाटे.

अशातच एका दुपारी महादू भोई आमच्या अंगणात येऊन बसला. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, जाळ्याची एक फाटकी जागा बसल्या बसल्या शिवून दिली आणि मग म्हणाला, "थावरूभाऊ, या पान्यात आता काई राह्यलं नाई. मी तिकडच्या मोठ्या तलावावर जाऊन राह्यलो. मले अजून एक नाव पाह्यजे. तुमची द्या. अथी ठेवून काय करता?"

याडीच्या बांगड्या थांबल्या. बानं जाळ्याची शिवलेली जागा बोटांनी ओढून बघितली. मग म्हणाला, "येत्या बाजारी माल गेला तं गेला. नाई गेला तं बैलबंडी घेऊन ये, ने नाव. जबान देल्ली म्या."

महादू गेला. मी बाच्या समोर जाऊन उभी राहिले.

"बा, नाव देल्यावर वावरात कसा जाशीन तू?"

"नाई जाणार," बा म्हणाला. एवढंच. आणि उठून कोंबड्या हाकलायला गेला, ज्या कोंबड्या काहीच करत नव्हत्या.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही असं लिहिलं तर शोभेल, पण ते खोटं होईल. मी जेवले, आणि जेवतानाच ते घडलं. याडीनं बेशरम तळला होता, दुसरं होतंच काय घरात! मी गरम बाटीचा फुगलेला पापुद्रा उचलला, आत माशाचे तुकडे भरले, वर अंबाडीची चटणी घातली आणि उभ्या उभ्या खायला लागले. दुसऱ्या घासाला थांबले. बाजारात रहीमचाचाच्या हॉटेलसमोर आलुबोंडा खायला किती गर्दी असते ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तळलेलं म्हटलं की ढाणकीचा बाजार जीव टाकतो. मग मासा कच्चा कशाला विकायचा? तळून, काटे काढून, कशात तरी घालून हातात का नाही द्यायचा?

"याडी!" मी ओरडले. "काटे काढता येतीन का याचे?"

"घास गिळ पहिले, बेशरम," याडी म्हणाली. पण तिच्या बांगड्या वाजल्या, आणि त्या वाजण्यात राग नव्हता.

पुढचे दिवस आमच्या घरात नुसती धमाल होती. मला आजही ते आठवलं की उठून काहीतरी तळावंसं वाटतं. याडी पाटावर मासा ठेवून धारदार विळ्यानं पाठीच्या काट्याला घासून दोन्ही बाजूंचं मांस अलगद उतरवायला शिकली. पहिले कित्येक मासे चिंध्या झाले, ते कोंबड्यांना आणि आम्हाला. मग एकदा एक अख्खी फाक सुटून आली, गुळगुळीत, एकही काटा नसलेली. याडीनं ती हातावर धरून मला दाखवली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की जणू तिनंच मासा घडवला आहे. राहिला तो चिखलाचा वास. राख चोळून पाहिली, नाही गेला. ताकात भिजवला, थोडा गेला. मग अंगणातली अंबाडीची वाळकी फुलं मीठ-लसणाबरोबर वाटून याडीनं त्या फाकांना लिंपली आणि झाकून ठेवल्या. काढल्या तेव्हा आम्ही दोघींनी वाकून वास घेतला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघितलं. चिखल गेला होता! नुसता आंबूस, तोंडाला पाणी सुटेल असा वास. लाल तिखट लावून, जाडसर दळलेल्या ज्वारीच्या पिठात घोळवून फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात सोडल्या तर त्या चर्र करून अशा फुलल्या की बाहेरून शेजारीण विचारायला लागली, "काय तळून राह्यले बाई?"

बानं एक फाक खाल्ली. काटा शोधत जपून चावत होता बिचारा, सवयच तशी. काटा सापडेना तेव्हा गोंधळला.

"हा कोनचा मासा हाये?"

"आपलाच बेशरम," मी म्हटलं. "माशातला. घरातली नाई."

बा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. याडी आपल्याशीच म्हणाली, "आचो छ." म्हणजे चांगला आहे. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

बाटी बाजारात नेण्यात अर्थ नव्हता, थंड झाली की वातड. म्हणून पाव हवा होता. पाव हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता आणि मला तो फार ऐटीचा वाटायचा. बाजाराच्या आदल्या दिवशी बा तेल आणायला ढाणकीला निघाला, तेव्हा मी मागून ओरडून सांगितलं, "बा, पाव आणजो! साधा!"

"हाव," बा म्हणाला.

संध्याकाळी बा आला, तेलाचा डबा ठेवला आणि खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. पाव किलो चायपत्ती.

"हे काय?"

"पाव. साधाच आनला, भारीतला नाई."

मी कपाळाला हात लावला. आमच्या घरी वाण्याकडून जे काही पाव यायचं ते चायपत्तीच. बाकी सगळं किलोनं किंवा पायलीनं. तेव्हा पाव आण म्हटलं की त्याला दुसरं काय समजणार? त्या वस्तूला तर आमच्याकडे सगळे डबलरोटी म्हणत. मी डबलरोटी म्हटलं असतं तर बानं डोळे झाकून आणली असती. पण मला पुस्तकी बोलायचं होतं ना! मी रडकुंडीला आले, याडी हसून हसून भिंतीला टेकली, आणि बा बिचारा पुडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "जास्त आनाले पाह्यजे होती काय?"

माझा नातू परवा कुठल्याशा दुकानातून फिश सँडविच मागवून खात होता. कागदात गुंडाळलेलं, आत पांढरा मुलायम तुकडा, चवीला कापूस. मी त्याला ही पावाची गोष्ट सांगितली तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसू दे. त्या संध्याकाळी मला हसू येत नव्हतं, एवढंच सांगते.

सकाळी फाका लिंपून, टोपलीत केळीच्या पानांत घालून आम्ही बाजारात पोचलो. बेकरीच्या माणसाकडे पळत गेले तर डबलरोटी संपलेली. बाजाराच्या दिवशी हॉटेलवाले पहाटेच उचलून नेतात म्हणे. उरले होते गोड बन. गोल, वरून चकाकणारे, आत लाल-हिरवे गोड तुकडे असलेले, जे माणसं पोरांना रडणं थांबवायला घेऊन देतात. मासा आणि गोड बन! पण माझ्यापाशी दुसरा उपाय नव्हता. घेतले. मग प्रश्न चुलीचा. रहीमचाचाच्या हॉटेलाच्या कडेला एक जादाची भट्टी असे. मी जाऊन उभी राहिले.

"चाचा, भट्टी देता काय थोडा वेळ? मासा तळाचा हाये."

"मच्छी? मेरे आलुबोंडे को मच्छी की बास लगेगी, बेटी. पागल है क्या?"

तेवढ्यात आतून त्याचा पोऱ्या ओरडला की चायपत्ती संपली आणि दुकानावर मरणाची गर्दी आहे. मी मागे वळून बाच्याकडे बघितलं. बानं खिशात हात घातला. पुडी अजून तिथेच होती, मी रागानं परत त्याच्याच खिशात कोंबलेली. ती मी चाचापुढे धरली.

"पाव हाये. साधाच."

चाचानं पुडी घेतली, हुंगली, आणि भट्टीकडे हात केला. "वो कोने में. धुआं मेरी तरफ नहीं आना."

पहिली फाक तेलात पडली आणि बाजारातल्या चार तरी माना वळल्या. याडी तळत होती, बा बन मधोमध कापत होता, मी आत अंबाडीची चटणी लावून, फाक ठेवून, वर कच्चा कांदा घालून बन दाबत होते. पहिला मी स्वतः खाल्ला. कोणाला विचारायचं कशाला, मला माझ्या जिभेवर भरोसा होता. आणि काय सांगू! बनाचा गोडवा, अंबाडीचा आंबटपणा, तिखट, आणि दाताखाली कुरकुरीत ज्वारी. जो बन मला अपशकुन वाटत होता त्यानंच सगळी मजा आणली होती. मी तिथल्या तिथे उडी मारली. याडी म्हणाली, "लोकं पाह्यते," तर मी म्हटलं, "पाह्यतेच, म्हनूनच तं आनलं!"

पण गिऱ्हाईक विचारी, "काय हाये यात?" मासा म्हटलं की विचारी, "कोनचा?" आणि बा खरं बोलणारा माणूस, हळूच म्हणे, "बेशरम." की झालं, गिऱ्हाईक पुढे. दोनचार जण असे गेले तेव्हा बाचा चेहरा पुन्हा एसटीच्या खिडकीतला झाला. बाजाराच्या तोंडाशी महादू भोयाची बंडी येऊन थांबलेली मला दिसली. बैल सोडून तो झाडाखाली बसला होता. आमच्याकडे बघत नव्हता, पण वाट बघत होता.

माझं डोकं फिरलं. मी चाचाच्या बाकड्यावर चढले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "बेशरम घ्या, बेशरम! बिनकाट्याचा बेशरम! ज्याले लाज वाटते त्यानं घेऊ नका!"

बाजार हसला. आधी हसला, मग थांबला. एक पोरगेलासा माणूस मित्रांच्या पैजेवर पुढे आला, खाल्लं, काही न बोलता दुसरा मागितला. मग मित्र. मग मित्रांचे मित्र. एक हमाल, दोन मास्तर, बैल विकायला आलेली माणसं. आणि मग एक गंमत माझ्या लक्षात आली. ज्यांच्या घरी माळ होती, ज्यांच्या घरात मासा उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हता, ते सगळ्यात जास्त येत होते. पूर्वी मासा खाल्ला की काटे दिसायचे, चार लोक बघायचे. आता? हातात बन. बन तर कोणीही खातो. एक तुळशीची माळ घातलेले गृहस्थ माळ सदऱ्याच्या आत सरकवून म्हणाले, "पोरी, कांदा जरा जास्त टाक," आणि आमच्याकडे पाठ करून इतक्या शांतपणे खात उभे राहिले, की जणू देवळात उभे आहेत. याडीला तळायला उसंत मिळेना. तिच्या बांगड्या अशा वाजत होत्या की त्या आवाजावर नाचावं.

टोपली तळाला आली होती तेव्हा गर्दीतून तो मोठा आवाज आला. "काय तमाशा हाये रे अथी?"

पुंडलिकबापू! बानं मान खाली घातली आणि बन कापायला लागला, जो आधीच कापलेला होता. बापूंनीही बाला बघितलं. सवयीनं त्यांनी आभाळाकडे नजर नेली, पण वास खाली होता. मी झटकन एक बन त्यांच्या हातात ठेवला. बापूंनी तो उलटासुलटा केला, घास घेतला, मिशी पुसली. पुन्हा घास घेतला. मग बाजारात भाजी घेताना माणूस जसं विचारतो तसंच, पण बाच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "माल कुठचा? घरचा हाये का इकतचा?"

  याडीनं झारा थांबवला.

"घरचा," बा म्हणाला. "माह्या वावरातला."

आजूबाजूचे हसले. पाण्याखालचं वावर सगळ्यांना माहीत होतं. बापू मात्र हसले नाहीत.

"वावरात कुठचा?"

"मोहाजवळचा."

"मोहाच्या अलीकडचा का पलीकडचा?"

बानं पहिल्यांदा मान वर केली. "दोन्हीकडचा असन. माशाले धुरा समजते काय?"

"मंग यात माहा हिस्सा हाये," बापू गरजले. लोक मागे सरकले. आता भांडण होणार म्हणून मी झारा याडीच्या हातातून घेतला, खरंच घेतला. पण बापूंनी हातातला बन खाली केला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, इतका बारीक मी तो आधी कधी ऐकला नव्हता. "थावरू, मोह दिसते का रे अजून?"

"शेंडा दिसते," बा म्हणाला.

"मले नेजो एक डाव. नावेत. माहं वावर पाह्याचं हाये मले. किती वर्सं झाले, काठावरून काईच समजत नाई."

 बानं पंच्यानं तोंड पुसलं, उठला आणि गर्दीतून वाट काढत थेट बंडीकडे गेला. मी टोपलीतला शेवटचा बन घेऊन मागे धावले. बानं काही बोलायच्या आत महादूनं बन माझ्या हातातून घेतला, एक घास खाल्ला आणि भट्टीपाशी राहिलेल्या रिकाम्या टोपलीकडे बघितलं.

"माल गेला ना?"

"गेला."

"मंग बंडी कायले उभी हाये अथी?" असं म्हणून तो बैल जुंपायला लागला. तोंडात घास होता, म्हणून पुढचं काय बोलला ते कळलं नाही. त्या दिवशी एसटीत आम्ही पुढच्या बाकावर बसलो. वाहकानं विचारलं, "टोपली रिकामी?" तर मी त्याला इतकं सविस्तर सांगितलं की आमचा थांबा मागे राहिला.

पुढे कित्येक बाजार आम्ही बन विकले, आणि त्या बनांवर मी शिकले, हे सगळं खरं आहे. पण ते मला आज महत्त्वाचं वाटत नाही. मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. पुंडलिकबापू धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं बांधून आमच्या काठावर आले, जसं कोणी लग्नाला निघावं. नावेत बसताना भ्याले, बानं हात दिला. मी आणि याडी बेशरमाच्या झुडपांत उभ्या राहून बघत होतो. नाव मोहाच्या शेंड्याशी पोचली आणि थांबली. बराच वेळ दोघं नुसते पाण्यात वाकून बघत बसले. तलाव इतका शांत होता की वल्ह्यावरून गळणारं पाणीही ऐकू यावं. मला रडू आलं, आणि याडीनं मला बेशरम म्हटलं नाही.

मग पाण्यावरून तो ओळखीचा, दणदणीत आवाज आला, "अबे थावरू, नाव माह्या वावरात घुसली! मांगं घे!"

आणि जमिनीवर असताना ज्यानं बापूंसाठी नांगराचं एक तासही कधी सोडलं नव्हतं, त्या माझ्या बानं वल्हं मारून नाव मागे घेतली.